फियाट घ्यावी की अ‍ॅम्बॅसडर? मराठवाड्यात जुनी गाडी शोधणाऱ्यांसाठी

आमच्या घरी फियाट होती आणि समोरच्या वाड्यात अ‍ॅम्बॅसडर. त्यामुळे लातूरच्या त्या गल्लीत एक गाडी मला आतून कळली आणि दुसरी काचेला नाक लावून. पुढे स्वतःच्या कमाईतून मी दोन्ही घेतल्या. आता ओळखीतलं कुणी जुनी गाडी घ्यायची म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असतो: गाडीत किती माणसं बसणार आणि कुठल्या रस्त्यानं जाणार?

फियाट म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. कागदावर पद्मिनी असली तरी आपल्याकडे तिला फियाटच म्हणतात. 1964 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून 1100 डिलाइट निघाली, मग प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, गाडी अंगानं हलकी. स्टिअरिंगजवळचा गिअर नीट बसवलेला असेल तर दोन बोटांनी पडतो. लातूरच्या गंजगोलाईसारख्या गर्दीतही ती कुठं अडत नाही. स्वतः चालवण्याची हौस असेल तर फियाटसारखं सुख नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पण वडील तुळजापूरला सात जणांना घेऊन निघायचे, तेव्हा मागच्या सीटवर आम्ही एकमेकांच्या मांडीवर असायचो. समोरच्या वाड्यातली माणसं मात्र ऐसपैस बसून जायची.

मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली अ‍ॅम्बॅसडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाऱ्यात 2014 पर्यंत बनत होती. धक्के झेलायला पुढं टॉर्शन बार (पीळ खाणाऱ्या पोलादी कांबी), मागं पाटे. काळ्या रानातल्या खडबडीत वाटेवर मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या माणसाला तिच्याइतकं जपणारी जुनी गाडी मी पाहिली नाही. जुनं पेट्रोल इंजिन 1489 सीसीचं, शांत आणि सोशिक. नंतर आलेल्या 1817 सीसीच्या इसुझू इंजिनाला पाच गिअर आहेत आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ नसून खाली तळाशी आहे. हायवेला जायचं असेल तर तेच शोधा. मात्र पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला वेळेवर ग्रीस मारावंच लागतं. हयगय केली तर स्टिअरिंग जड होतं आणि टायर एका बाजूनं खातात.

आपल्या उन्हाचा विचार दोघींसाठी करावा लागतो. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला, की इंजिनाला लागून असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबायचं, हा उपाय अजूनही चालतो. दुसरी गोष्ट इथेनॉलची. आपल्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. गाडी घरी आली की पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) आधी बदलून घ्या.

फियाट मुंबईहून स्वस्तात मिळते म्हणून हुरळू नका. खाऱ्या हवेनं तिचा तळ सडलेला असू शकतो. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला, की डोळ्याला काही दिसत नाही. आमचे मिस्त्री म्हणायचे, "इंजिन मी करून देतो, पत्रा कुठून आणायलाव?" कोरड्या हवेत राहिलेली गाडी चार पैसे जास्त देऊनही परवडते. फियाटचे जुने सुटे भाग कुर्ल्यात शोधावे लागतात, अ‍ॅम्बॅसडरचे कोलकात्याच्या मल्लिक बाजारात.

कागदांच्या बाबतीत अ‍ॅम्बॅसडर सरस आहे. शेवटच्या काही वर्षांतली गाडी मिळाली तर पंधरा वर्षांची मूळ नोंदणी अजून चालू असू शकते. पद्मिनी बंद होऊन वीस वर्षांहून जास्त झाली, त्यामुळे पुनर्नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर धरूनच हिशेब करा. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. डिझेल इंजिन बसवलेली गाडी असेल तर तो बदल आरसी बुकावर चढलाय का, ते पाहा. नसेल तर सोडून द्या.

जीपचा मोह मलाही होता. शेत आतल्या वाटेला असेल आणि पावसाळ्यात चिखल तुडवायचा असेल, तर फोर बाय फोर जीपच घ्या. कुटुंबाला घेऊन लांब जायला मात्र ती दमवते.

एकट्यानं किंवा दोघांनी शहरात फिरायचं असेल तर फियाट. आई-वडील, लेकरं, गावाकडचा रस्ता आणि वर्षातून एकदा तुळजापूर असेल तर अ‍ॅम्बॅसडर. माझा जीव फियाटमध्ये आहे, तरी घरी सध्या अ‍ॅम्बॅसडर उभी आहे, कारण आईला गुडघे वाकवून फियाटमध्ये बसता येत नाही.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिनाचा पहिला धूर बघायचा असतो. खिशात चुंबक ठेवा. दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या वरच्या पत्र्याला ते लावून बघा. लांबी जाड भरलेली असेल तिथं चुंबक धरत नाही.