फ्रंट स्ट्रीटवरचं ‘कसं काय, काकू?’

आधीच सांगते, आम्ही काही दागिन्यांच्या बाबतीत अगदीच अडाणी नाही. आईचं सगळं सोनं सांगलीच्या सराफ कट्ट्यावर घडलेलं, आणि घडणावळीवर अर्धा तास हुज्जत घातल्याशिवाय ती पेढीवरून उठत नाही. मी चौदा वर्षं न्यू जर्सीत आहे, दुधाचं बिलसुद्धा तपासते. तरीही मार्चमध्ये सिंट मार्टेन बेटावर आम्ही १,२९० डॉलर मोजून निळ्या खड्याचं एक पेंडंट घेऊन आलो. आई-बाबा भारतातून आले की त्यांना घेऊन कॅरिबियन क्रूझला जाणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मायामीहून सात रात्रींची सहल होती. बेटावर पोचायच्या आदल्या दुपारी जहाजाच्या थिएटरमध्ये ‘शॉपिंग टॉक’ झाला. एका हसतमुख मुलीने तासभर टांझानाइट या खड्याचं कौतुक केलं. हा खडा जगात फक्त टांझानियात, किलिमांजारोजवळच्या मेरेलानीच्या टेकड्यांत मिळतो, १९६७ मध्ये सापडला, हे तिने सांगितलं आणि ते खरंही आहे. खाण लवकरच संपणार, म्हणून भाव चढतच राहणार, हेही त्याच दमात सांगितलं. बाहेर पडताना हातात नकाशा दिला, त्यावर काही दुकानांना चांदणी. चांदणीवाल्या दुकानांत फुकट चार्म (ब्रेसलेटला अडकवायचं छोटं लटकन) आणि ६० दिवसांची हमी. नकाशाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की या दुकानांनी जाहिरातीचे पैसे भरले आहेत. ते मी वाचलं, पण एप्रिलमध्ये.

फिलिप्सबर्ग हे बेटाच्या डच बाजूचं मुख्य गाव, समुद्र आणि मिठागराच्या तळ्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं. फ्रंट स्ट्रीट म्हणजे दागिने, घड्याळं, दारू यांचीच रांग. त्या दिवशी धक्क्याला चार जहाजं लागली होती, आणि आपल्या तुळशीबागेत दिवाळीत असते तशी गर्दी. बाबा उन्हाने थकले म्हणून एसी बघून एका चांदणीवाल्या दुकानात शिरलो. काउंटरमागून आवाज आला, “कसं काय, काकू?”

अटलांटिकच्या त्या टोकाला मराठी! आईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तो मुंबईत वाढलेला, म्हणे. सांगली म्हटल्यावर लगेच, “म्हणजे गणपतीची सांगली!” बाबांना खुर्ची, सगळ्यांना कागदी कपात चहा, मला ‘ताई’. पुढचा पाऊण तास आम्ही गिऱ्हाईक नव्हतोच, पाहुणे होतो. माझ्या मते खरी फसवणूक इथेच झाली, पैसे नंतर गेले.

पेंडंटवर ३,४०० चं लेबल होतं. मराठी माणसासाठी २,२००, मग आईचा पहिला क्रूझ म्हणून १,६००, मग मालकाला फोन करून १,२९०. कुठल्या फोनवर कोण होतं देव जाणे. साडेचारला जहाजावर परतायचं होतं आणि भिंतीवरचं घड्याळ त्यानेच दोनदा दाखवलं.

आईने मात्र सवयीप्रमाणे पेंडंट उलटं केलं. कडीजवळ बारीक आकडा होता, ५८५. तिला ९१६ माहीत, म्हणजे २२ कॅरेट. तिने विचारलं, “हे पाचशे पंच्याऐंशी काय?” तो म्हणाला, “काकू, तो डिझाइनचा नंबर. सोनं अठरा कॅरेट आहे.” आई पुन्हा काहीतरी विचारणार होती. मी म्हटलं, “अगं आई, पुरे ना, आपलाच माणूस आहे.” हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. ५८५ म्हणजे १४ कॅरेट, ७५० असेल तर १८. हा आकडा फोनवर शोधायला मला दहा सेकंद लागले असते.

महिन्याभराने आईने ते रिठ्याच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासलं. तिचं म्हणणं, “अगं, निळा रंग कडेला विटलाय.” मला आधी खरं वाटेना. मग खरेदी-विक्री न करणाऱ्या, फक्त पारख करून देणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून मला दाखवलं: खड्याच्या खालच्या पैलूंच्या कडा पांढुरक्या झालेल्या, मधला भाग गडद. खडा टांझानाइटच, पण फिकट. त्याला मागून निळा लेप दिलेला. टांझानाइट तापवून निळा करतात, ते सर्रास चालतं, त्यात लबाडी नाही. लेप वेगळा, तो सांगायलाच हवा, कारण तो झिजतो. त्यांनी किंमत धरली जेमतेम ३०० डॉलर.

दुकानाने दिलेल्या सोनेरी किनारीच्या ‘सर्टिफिकेट’वर पेंडंटची किंमत ३,८०० डॉलर लिहिली होती. त्यावर कुठल्याही प्रयोगशाळेचं नाव नव्हतं, दुकानाचाच शिक्का. आणि बिलावर? ‘१४ के, ब्लू जेमस्टोन पेंडंट’. टांझानाइट हा शब्दच नाही. अठरा कॅरेट, दुर्मिळ खडा, हे सगळं तोंडी. कागदावर त्याने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

म्हणूनच पुढे सगळीकडे हात टेकले. जहाजवाले म्हणाले, दुकान स्वतंत्र आहे, हमी देणाऱ्या कंपनीला लिहा. त्या कंपनीचं उत्तर आलं की वापरलेल्या वस्तूला हमी लागू नाही. क्रेडिट कार्डाकडे तक्रार केली तर बँकेने कळवलं की बिलात लिहिलेली वस्तू तुम्हाला मिळाली आहे. दुकानाने मोठ्या मनाने ४०० डॉलरची सूट देऊ केली, पुढच्या खरेदीवर, तीही बेटावर येऊन केली तर!

कुणी जाणार असाल आणि घ्यायचंच असेल, तर खड्याचं नाव, वजन, त्यावर काय प्रक्रिया केली आहे आणि सोन्याचे कॅरेट बिलावर लिहून मागा, पैसे द्यायच्या आधी. लिहायला नकार दिला की चहा अर्धा टाकून उठा. ‘ड्यूटी-फ्री’ला भुलू नका, त्या बेटावर आयात कर नसतो एवढाच त्याचा अर्थ, दुकानदाराने वस्तूला काय भाव लावावा याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि बरोबरची आई, सासू, मावशी दागिना उलटा करून बघत असेल, तर तिला बघू द्या.

आई मे महिन्यात परत गेली. गेल्या आठवड्यात तिने व्हिडिओ कॉल लावला तो थेट सराफ कट्ट्यावरून. त्यांच्या नेहमीच्या सराफाने चिमट्याने खडा सोडवून लाल कागदावर ठेवला, सोनं काट्यात टाकलं. दोन ग्रॅम शंभर मिली. मग कागदाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “काकू, ह्याचं काय करू?”

“ठेव तुझ्याकडे,” आई म्हणाली, “आणि त्या ५८५ चा हिशोब मला नीट समजावून सांग.”