डीव्हीडीस्टायलर वापरून बघितलं : न्यू जर्सीतली मुंज वाईच्या डब्बा टीव्हीवर

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू डीव्हीडीस्टायलर ह्या डीव्हीडी बनवायच्या फुकटातल्या सॉफ्टवेअरचा आहे पण परीक्षा घेणारा मी नाही, माझा मामा आहे. वय ८१, मुक्काम वाई, घरात जुना ढेरीवाला टीव्ही आणि त्याच्याखाली क्रोशाच्या रुमालाने झाकलेला डीव्हीडी प्लेयर. मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, तिकडेच पोराची मुंज केली, मामा-मामीला काही जाता आलं नाही. व्हिडिओ त्याने गुगल ड्राइव्हवर टाकला आणि मला मेसेज, "बाबांना दाखव काहीतरी करून." तुम्ही म्हणाल स्मार्ट टीव्ही घ्या. घेतलाय की, म्हणजे टीव्हीला लावायचा एक डबा पोराने मागच्या दिवाळीत पाठवलाय, तो खोक्यातच आहे कारण ह्या टीव्हीला मागे एचडीएमआयचं भोकच नाही, लाल-पांढरी-पिवळी पिन तेवढी लागते. आणि मामाचं म्हणणं असं की मला एक तबकडी द्या, आत सरकवली की चालू झाली पाहिजे, मधे मला काही विचारायचं नाही. बास. ह्या एका अटीवर मी सगळं तपासलंय.

पहिला शहाणपणा मी असा केला की फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि घराजवळच्या एका दुकानात गेलो, फोटो-झेरॉक्स-लॅमिनेशन-पासपोर्ट सगळं करणारं असतं ना तसलं. म्हटलं याची डीव्हीडी करून द्या. दीडशे रुपये घेतले, दहा मिनिटात हातात दिली. दहा मिनिटात!! तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता. स्वारगेटवरून एसटी पकडून वाईला गेलो, तबकडी घातली, प्लेयर घर्रर्र करून दोन मिनिटं विचार करत बसला आणि वर अक्षरं आली नो डिस्क. मामा म्हणाला, "अरे, रिकामी दिली की काय त्याने तुला?"

रिकामी नव्हती. त्याने एमपी४ फायली जशाच्या तशा डीव्हीडीवर उतरवल्या होत्या. कॉम्प्युटरला ती चालते कारण कॉम्प्युटरला तो फक्त एक स्टोरेजचा डबा. पण घरातल्या साध्या प्लेयरला व्हिडिओ लागतो एमपेग-२ ह्या जुन्या प्रकारात, ठरलेल्या मापाचा (आपल्याकडच्या पाल ह्या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६), आवाज ४८ किलोहर्ट्झवर, आणि हे सगळं व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमधे व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फायलींमधे मांडलेलं. आजकालचा मोबाइल किंवा कॅमेरा देतो एच.२६४ नाहीतर एचईव्हीसी असलं नवं काहीतरी, आणि २००५-०७ च्या प्लेयरमधल्या चिपला ते कळतच नाही. नुसतं फाइलचं नाव बदलून पण काही होत नाही, (हो, मी तेही करून बघितलंय, हसू नका).

मग आलो डीव्हीडीस्टायलरवर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर चालतं. आत कन्व्हर्ट करायचं खरं काम एफएफएमपेग करतं आणि डिस्कची मांडणी डीव्हीडीऑथर करतं, म्हणजे इंजिन दुसऱ्यांची आणि ह्याने त्याच्यावर बॉडी बांधून स्टिअरिंग आपल्या हातात दिलंय असं समजा. ज्याला काळ्या खिडकीत कमांडा टाइप करायची हौस आहे तो नुसत्या एफएफएमपेगला टार्गेट पाल-डीव्हीडी असं सांगून पण फाइल बनवू शकतो, पण पुढे त्याची डिस्क करायला परत दुसरं काहीतरी लागतंच. इथे एकाच ठिकाणी होतं.

उघडल्या उघडल्या ते डिस्कचं नाव, साइझ ४.७ जीबी की ८.५, पाल की एनटीएससी (ही अमेरिकेतली टीव्ही पद्धत), ४:३ की १६:९, आवाज एसी३ की एमपी२ असले प्रश्न विचारतं. बहुतेक लोक इथे नेक्स्ट नेक्स्ट करतात आणि नंतर रडतात. मी पण तेच केलं म्हणून सांगतोय.

पाल-एनटीएससीचं सांगतो कारण माझे दोन दिवस ह्यातच गेले. आपल्याकडे पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून डोळे झाकून पाल टाकलं. डिस्क चालली बरं का, चित्र आलं, आवाज आला, मी खूश. पण बटू मांडवात चालत येतो ना तो अडखळत येतो, पुरोहिताचा हात तांदूळ टाकताना मधेच टुण्णकन उडी मारतो. आधी वाटलं लॅपटॉप जुना म्हणून असेल. तसं नव्हतं, व्हिडिओ अमेरिकेतला, तिकडचा कॅमेरा सेकंदाला २९.९७ फ्रेम घेतो, त्याचे २५ करायचे म्हणजे साधारण दर सहा फ्रेममागे एक फ्रेम फेकून द्यावी लागते, आणि फेकलेली फ्रेम चालत्या माणसाच्या पायात दिसते. मग तोच प्रोजेक्ट एनटीएससीत केला. ओळी ५७६ च्या जागी ४८० होतात म्हणजे चित्र कागदावर थोडं कमी बारीक, पण मामाच्या टीव्हीवर तो फरक कोणाच्या बापाला दिसत नाही आणि हालचाल मात्र लोण्यासारखी. आपल्याकडचे बरेच प्लेयर दोन्ही घेतात, फक्त सेटिंगमधे टीव्ही टाइप ऑटो किंवा मल्टी करून ठेवायचं. टीव्ही अगदीच जुना नुसता पालवाला असेल तर रंग जाऊन काळंपांढरं दिसू शकतं, मामाचा तेवढा जुना नव्हता. तर नियम काय, तुम्ही कुठे राहता ते बघू नका, व्हिडिओ कुठे काढलाय ते बघा. इकडचा २५ फ्रेमचा असेल तर पालच.

आता आयफोनच्या क्लिपा. मेन शूटिंग कॅमेरावाल्याचं, १ तास ५० मिनिटं, आणि वर वहिनीने फोनवर काढलेले वीसेक मिनिटांचे तुकडे. ह्या तुकड्यात आवाज हळूहळू मागे पडायचा, सुरुवातीला बरोबर आणि शेवटी ओठ एकीकडे भिक्षां देहि दुसरीकडे. कारण असं की फोन घड्याळासारख्या एकाच वेगाने फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला की वेग कमी, परत वाढला की जास्त. ह्याच्यावर उपाय म्हणून त्या क्लिपा आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून काढल्या, तिथे फ्रेमरेट २९.९७ आणि खाली कॉन्स्टंट एवढं निवडायचं, मग त्या डीव्हीडीस्टायलरमधे घातल्या. चोख. हँडब्रेकबद्दल एक गैरसमज मात्र काढा, त्याचं नाव डीव्हीडीशी जोडलेलं आहे म्हणून लोकांना वाटतं ते डीव्हीडी बनवतं. ते डीव्हीडी वाचतं, बनवत नाही. बाहेर देतं एमपी४, एमकेव्ही असलंच.

बिटरेट (सेकंदाला किती डेटा ते) ऑटोवर ठेवा, खाली पट्टीवर किती मिनिटं भरली ते दिसत राहतं. ४.७ जीबीच्या डिस्कमधे माझी १३० मिनिटं बसली आणि सेकंदाला साडेचार मेगाबिटच्या आसपास मिळाले, ते डब्बा टीव्हीला भरपूर झाले. मोहाला बळी पडून तीन-चार तास कोंबू नका, होमाच्या धुराचे चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. आणि डिस्कवर ४.७ लिहिलेलं असलं तरी विंडोज तिला ४.३७ च म्हणतं, दुकानदाराने फसवलं नाहीये, मोजायची पद्धत वेगळी आहे. आवाजाला एसी३ निवडलं, एनटीएससी डिस्कला तेच बिनधोक.

मेनूचे तयार नमुने आहेत त्याच्यात, ते मला तरी लग्नाच्या अल्बमच्या पहिल्या पानासारखे वाटले, फुलंबिलं. चांगले की वाईट तो प्रश्नच आला नाही कारण मामाची अट, मधे काही विचारायचं नाही. मेनू आला की रिमोट शोधा, चष्मा शोधा, ओके कुठे आहे, अरे हे तर व्हॉल्यूमचं बटण! म्हणून टेम्प्लेट निवडायच्या जागी नो टेम्प्लेट केलं, मेनू नाहीच, डिस्क घातली की थेट गणपतीपूजन. दुसरा टायटल (म्हणजे डिस्कवरचा दुसरा व्हिडिओ) आपोआप लागावा म्हणून पहिल्याच्या प्रॉपर्टीजमधे पोस्ट कमांड म्हणून जो रकाना आहे तिथे जंप टायटल २ असं लिहावं लागतं. हे कुठेही मोठ्या अक्षरात सांगितलेलं नाही, नवख्या माणसाला सापडणं कठीण, इथे मी त्यांचा एक मार्क कापतो. चॅप्टर मात्र मस्त टाकता येतात. दर पाच मिनिटाला टाक म्हटलं तर टाकतं, पण मी हाताने वेळा लिहून मातृभोजन, मुख्य मुहूर्त, भिक्षावळ असे टाकले, म्हणजे मामीला रिमोटवरचं एकच पुढचं बटण दाबलं की पाहिजे तिथे जाता येतं.

कन्व्हर्ट व्हायला माझ्या आठ वर्ष जुन्या लॅपटॉपला साधारण दीड तास लागला, तेवढ्यात मी स्वयंपाक करून जेवलो. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असतो कुठे आता, दोन-अडीच हजाराचा यूएसबीवाला रायटर घ्यावा लागला, मोठा खर्च झाला तो एवढाच. लगेच बर्न करू नका म्हणजे डिस्कवर उतरवू नका, आधी नुसतं जनरेट करून फोल्डर बनवा आणि कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेयरमधे उघडून बघा, चुका तिथेच कळतात. आणि त्याहून भारी म्हणजे एक डीव्हीडी-आरडब्ल्यू घेऊन ठेवा, पुसून परत वापरता येते, माझ्या सगळ्या चुका एकाच तबकडीवर झाल्या नाहीतर घरात टांगायला झुंबर झालं असतं. शेवटची पक्की प्रत साध्या डीव्हीडी-आर वर, ४एक्स स्पीडने. १६एक्सने घाईत काढलेली प्रत माझ्याकडे एका प्लेयरला चालली आणि दुसऱ्याला अडकली, हळू काढलेली दोन्हीकडे चालली.

पेन ड्राइव्हचा रस्ता पण बघितला, कारण मामाच्या प्लेयरला पुढे यूएसबीचं भोक आहे आणि डिव्हएक्सचा (एव्हीआय व्हिडिओ चालतो असं सांगणारा) लोगो पण. असं असेल तर एव्हीआय फाइल, आत एक्सव्हिड प्रकारचा व्हिडिओ आणि एमपी३ आवाज, ७२० बाय ५७६ च्या आत, पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आणि एकेक फाइल ४ जीबीपेक्षा लहान, एवढं जमवलं की चालतं. ज्यांना रोज काही ना काही डाउनलोड करून बघायचंय, कीर्तनं, व्याख्यानं, त्यांनी हेच करा, डिस्क जाळत बसू नका. पण तिथे टीव्हीवर फायलींची यादी येते, मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन येतात आणि यादीतून निवडावं लागतं. म्हणजे विचारलंच की त्याने. मामाच्या परीक्षेत नापास.

दुसऱ्या खेपेला वाईला गेलो. तबकडी आत, दहा सेकंद, आणि लागलं! फक्त सगळी माणसं उंच आणि बारीक. मामी म्हणाली, "काय रे हे, अमेरिकेत जेवायला मिळत नाही का कोणाला?" डिस्क १६:९ ची आणि प्लेयर पण १६:९ वर सेट, आणि टीव्ही चौकोनी, म्हणून रुंद चित्र दाबून बसवत होता. प्लेयरच्या सेटअपमधे ४:३ लेटरबॉक्स केलं, वर खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसं जागेवर आली. कॅमेरावाल्याने अगदी कडेला टाकलेली तारीख तेवढी डब्बा टीव्हीने खाल्ली, जुने टीव्ही कडा कापतातच, चालायचंच.

पाचात चार देतो मी. मामाने पाचात पाच दिले असते पण तो नातवाकडे बघत होता, सॉफ्टवेअर कुठलं ते त्याने विचारलंच नाही.

एक राहिलं. डिस्कवर नाव लिहायला मार्कर वापरा, कागदी स्टिकर लावू नका, फिरताना डिस्क थडथडते आणि कधी स्टिकर सुटून आत अडकतो. मी मार्करने नीट लिहून नेलं होतं. तर मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मामीने तबकडी देवापुढे ठेवून तिला हळदकुंकू लावलेलं. नशीब, नाव लिहिलेल्या बाजूला.