रिमोट हातात ठेवून पाहायचा संच : 'द सिम्पसन्स'चे सातवे पर्व

'द सिम्पसन्स' या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेच्या सातव्या पर्वाचा डीव्हीडी संच २००५ साली निघाला. चार तबकड्या, २५ भाग आणि प्रत्येक भागासोबत लेखक-दिग्दर्शकांची कॉमेंटरी असा त्याचा ऐवज आहे. हे भाग अनेकांनी पूर्वीच पाहिलेले असणार. तरीही संच घ्यावासा वाटतो तो त्यांतल्या लपवलेल्या खोड्यांसाठी, कारण प्रक्षेपणात डोळ्यांसमोरून क्षणात निघून जाणारी चौकट येथे हवी तितका वेळ थांबवता येते.

याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे मालिकेचा नायक होमर त्रिमितीय जगात जाऊन पडतो तो, ऑक्टोबर १९९५ मध्ये दाखवलेला भाग. त्याच्या मागे हवेत एक समीकरण तरंगते : १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. दोनपेक्षा मोठ्या घातांकासाठी धन पूर्ण संख्यांत अशी बेरीज जुळूच शकत नाही, असे फर्माचे प्रमेय सांगते आणि त्याची अँड्र्यू वाइल्स यांनी दिलेली सिद्धता त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. पण दहा अंक दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर डाव्या बाजूची बेरीज करून तिचे बारावे मूळ काढले, तर उत्तर नेमके १९२२ येते! लेखक डेव्हिड कोहेन यांनी अशी 'जवळजवळ खरी' उदाहरणे शोधण्यासाठी चक्क संगणक प्रोग्राम लिहिला होता. गंमत अशी की ही लबाडी पकडायला प्रमेयही लागत नाही : सम आणि विषम संख्यांची बेरीज विषम येते आणि उजवीकडची संख्या सम आहे, एवढे शाळकरी गणित पुरते. सूचना मिळण्याआधी आपल्याला हे सुचले नाही, याची चुटपुट मात्र लागते.

कॉमेंटरीचा दर्जा एकसारखा नाही. या पर्वाची सूत्रे सांभाळणारे बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन बोलतात तेव्हा एखादा प्रसंग कसा घडत गेला हे कळते. कधी मात्र मंडळी जुना भाग पाहताना नुसतीच हसत राहतात आणि ऐकणारा ताटकळतो. संदर्भांची कोरडी यादी हवी असणाऱ्याची येथे निराशा होईल.

संचात एक अडचण मुळातच आहे. होमरचे मालक मिस्टर बर्न्स यांना गोळी कोणी घातली, या गाजलेल्या कोड्याचे उत्तर सातव्या पर्वाच्या पहिल्या भागात मिळते. पण सूर्यघड्याळावर कोसळलेले बर्न्स ज्या दोन अक्षरांकडे बोट दाखवतात ती खूण सहाव्या पर्वाच्या अखेरीस आहे. त्यामुळे धागेदोरे स्वतः जुळवायचे असतील तर दोन्ही संच जवळ हवेत. होमरची पत्नी मार्ज हिच्या डोक्याच्या आकाराचा डबा देखणा आहे, पण पुस्तकांच्या रांगेत तो बसत नाही. डीव्हीडी जगाच्या प्रदेशांनुसार वेगवेगळ्या निघतात, म्हणून घेण्यापूर्वी आपला प्लेअर संचाच्या प्रदेशाच्या तबकड्या चालवतो की नाही, हेही तपासावे.

या मालिकेने आपल्यासारख्या खोदकाम करणाऱ्यांची टोपीही उडवली आहे. याच पर्वातला १३८व्या भागाचा 'सोहळा' जुन्या चित्रफिती आणि गुपिते दाखवतो. त्याच्या श्रेयनामावलीत लेखक 'पेनी वाइज' आणि दिग्दर्शक 'पाउंड फूलिश' अशी नावे झळकतात. दमडी वाचवणारा आणि रुपया उधळणारा, अशी ती इंग्रजी म्हणीची जोडगोळी. शीर्षकदृश्यात होमरच्या तान्ह्या मुलीला, मॅगीला, दुकानातल्या किंमत वाचणाऱ्या यंत्रावरून सरकवले जाते तेव्हा पडद्यावर काय उमटते, असा प्रश्न त्यात विचारला जातो आणि उत्तर म्हणून बंदूक-समर्थकांची एक घोषणा ठोकून दिली जाते. ते धादांत खोटे आहे. खरा आकडा ८४७.६३ डॉलर हा आहे, म्हणजे १९८९ च्या सुमारास अमेरिकेत एका बाळावर महिन्याला होणारा अंदाजे खर्च. आणि तो पाहायचा तर रिमोटवर बोट तयार ठेवावे लागते.