पंचाचा निर्णय आणि प्रभूचे वचन : खेळाडूंसाठीच्या एका अभ्यासपुस्तिकेचे परीक्षण

अधिकाराचा मान राखणे या एकाच विषयावर ख्रिस्ती युवा खेळाडूंसाठी तयार केलेली एक अभ्यासपुस्तिका आमच्या युवकगटाने नुकतीच पूर्ण केली. प्रत्येक पाठात एक शास्त्रभाग, मैदानावरचा एक प्रसंग आणि चर्चेचे प्रश्न अशी तिची साधी मांडणी आहे. छपाई स्वच्छ असून भाषा सोपी आहे.

पुस्तिकेचा सर्वांत भक्कम भाग पंचांविषयीचा आहे. फुटबॉलमध्ये खेळातील घटनांबाबत पंचाचा निर्णय अंतिम मानला जातो आणि शब्दाने वा हावभावाने त्याचा निषेध करणाऱ्याला पिवळे कार्ड मिळते, तर रग्बीत पंचाशी बोलायचे ते कर्णधारानेच, असा रिवाज आहे. एवढे सांगून हा पाठ थेट बायबलच्या मत्तय 8 मधील शताधिपतीकडे, म्हणजे शंभर सैनिकांवरच्या रोमी अधिकाऱ्याकडे, वळतो. आपण स्वतः अधिकाराखाली आहोत, हे जाणणाऱ्या त्या सैनिकालाच येशूच्या शब्दाचे सामर्थ्य चटकन ओळखता आले. पंचाचा निर्णय चुकीचा ठरला तरी त्याच्या पदाचा मान का राखायचा, या प्रश्नावर मुलांची चर्चा रंगली, आणि ते श्रेय निःसंशय पुस्तिकेचे आहे.

स्कॉटिश धावपटू आणि पुढे चीनमध्ये मिशनरी झालेले एरिक लिडेल यांच्यावरील पाठ मात्र अपुरा वाटला. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणजे ते खेळापासून दूर राहून पाळत असलेल्या प्रभूच्या दिवशी, असल्यामुळे ते त्या शर्यतीत धावले नाहीत आणि पुढे 400 मीटरचे सुवर्णपदक त्यांनी 47.6 सेकंदांत जिंकले, इथेच पाठ संपतो. वेळापत्रक त्यांना काही महिने आधीच कळले होते आणि त्यांनी 400 मीटरची तयारी केली, हे त्यात यायला हवे होते. कारण नकार देतानाही संघाचा मान कसा राखता येतो, हे त्यातूनच दिसते. पुढे दुसऱ्या महायुद्धात चीनमधील जपानी नजरकैदेच्या छावणीत रविवारच्या हॉकी सामन्यात पंच नसल्यामुळे मुलांची मारामारी झाली, तेव्हा पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून उभे राहिले, अशी आठवण त्यांच्या सोबत्यांनी सांगितली आहे. स्वतःसाठी कठोरपणे पाळलेला नियम मुलांच्या भल्यासाठी बाजूला ठेवणारा हा माणूस या विषयासाठी सुवर्णपदकाहून मोलाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

माझा खरा आक्षेप प्रशिक्षकांवरील पाठाला आहे. रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय आणि इब्री 13:17 उद्धृत करून तो केवळ आज्ञापालन शिकवतो. प्रशिक्षकाने दुखापत लपवून खेळायला लावले, उत्तेजक द्रव्य घ्यायला सांगितले किंवा मुलाशी गैरवर्तन केले, तर काय करायचे, याबद्दल त्यात एक ओळही नाही. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे पेत्र आणि प्रेषितांनी न्यायसभेसमोर ठामपणे सांगितले, तो प्रेषितांची कृत्ये 5:29 चा भाग या पाठात असायलाच हवा होता. कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती द्यायच्या पुस्तिकेत ही उणीव गंभीर आहे.

तरीही पंचांवरील पाठासाठी मी ही पुस्तिका घ्यायला सुचवेन. प्रशिक्षकांवरचा पाठ घेताना गटप्रमुखांनी प्रेषितांची कृत्ये 5 वा अध्याय सोबत वाचावा आणि काही चुकीचे घडल्यास मुलांनी कोणाकडे जायचे, हे त्याच बैठकीत स्पष्ट सांगावे.