रिटर्नसाठी नवीन सीए: जून ते फेब्रुवारीचा अनुभव

आमचे जुने सीए काका काम थांबवून गावी गेले आणि २०२५ च्या जूनमध्ये नवीन माणूस शोधायची वेळ आली. ठाण्यात नौपाड्यातल्या एका मॅडमकडे गेलो. नाव देत नाही, त्यांना ते चालणार नाही. सीएंच्या जाहिरातीवर संस्थेची बंधनं असतात, त्यामुळे शोध ओळखीपाळखीतूनच लागतो.

ऑफिसात दरवर्षी एक 'टॅक्सवाला' येतो. तो फी सांगत नाही, रिफंडच्या १० टक्के घेतो. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तो सीए नसणार. आम्ही रिफंडवर टक्केवारी घेतली तर आमच्यावर कारवाई होते." साधा हिशोब आहे: रिफंड फुगला की त्याची कमाई फुगते, आणि उद्या नोटीस आली की ती तुमच्या नावावर. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली, ती अशाच खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांसाठी. त्या वर्षी आमचा टॅक्सवाला काही फिरकला नाही.

पहिल्या भेटीत मॅडमनी फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) बाजूला ठेवला आणि आधी आयकराच्या पोर्टलवर मोबाइल नंबर नि ईमेल कोणाचा आहे ते पाहिलं. रिटर्न भरून देणारे बरेच जण तिथे स्वतःचाच टाकून ठेवतात, मग नोटीस आलेली पक्षकाराला कळतच नाही. त्यानंतर एआयएस, म्हणजे आपल्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची आयकर विभागाकडची यादी, काढून माझ्यासमोर ओळ न् ओळ वाचली. आईबरोबरच्या संयुक्त खात्याचं व्याज माझ्या नावावर दिसत होतं. पैसे आईचे आहेत म्हटल्यावर त्यांनी तिथेच हरकत नोंदवली आणि ते व्याज आईच्या रिटर्नमध्ये धरलं.

खरा कस लागला तो एचआरएला, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीला. घरमालकांचा पॅन उशिरा मिळाला, वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असल्याने तो लागतोच, म्हणून कंपनीने एचआरए धरलाच नव्हता. तो रिटर्नमध्ये मागायचा होता. ऑफिस विक्रोळीत, त्यामुळे आमच्याकडे सगळे मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा धरतात. मॅडम म्हणाल्या, "ऑफिस कुठे आहे ते सोडा, भाड्याचं घर कुठे आहे? ठाण्यात, मानपाड्याला ना? मग ४०. ५० टक्के मुंबईसारख्या ठरावीक शहरांतल्या घरालाच." म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे, मुंबईच्या हद्दीत राहिलो असतो तर ५०! माझा रिफंड चांगलाच घटला. त्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला बोला. मग मॅडमनी करआकारणीच्या जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी आकडे मांडून दाखवले, माझ्यासाठी जुनी फायद्याची निघाली. पण ती हवी तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं, म्हणून मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली तरी त्यांनी ऑगस्टमध्येच भरून टाकलं. (पुढे आणखी एक दिवस मिळाला, १६ तारखेपर्यंत. त्या रात्री ज्यांचं पोर्टल अडकलं त्यांना विचारा.) सबमिट करण्याआधी पूर्ण मसुदा मला वाचायला दिला आणि ई-व्हेरिफिकेशन समोर बसवून करून घेतलं.

आता तक्रारी. सप्टेंबरमध्ये फोन उचलत नाहीत, म्हणजे अजिबात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचे फोटो पाठवले तर "पीडीएफ पाठवा" एवढंच उत्तर. फी ३,५०० रुपये, बाबांच्या रिटर्नचे वेगळे. पावती मिळते, पण स्वस्त नाही. नोटिशीचं काम निघालं तर त्याचा आकार निराळा. आणि नौपाड्यात गाडी लावायला जागा शोधणं हा स्वतंत्र उद्योग आहे, रिक्षाने जा.

डिसेंबरात आयकर विभागाचा संदेश आला: रिफंडच्या दाव्यात तफावत दिसते, गरज असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न सुधारा. ऑफिसात घबराट. काहींनी खरा असलेला एचआरएसुद्धा काढून टाकून सुधारित रिटर्न भरलं. मॅडमनी दोन दिवसांत वेळ दिली. भाडेकरार, बँकेतून गेलेलं भाडं, मालकांचा पॅन, सगळं फाईलला होतंच. म्हणाल्या, "फॉर्म १६ मध्ये एचआरए नाही आणि रिटर्नमध्ये आहे, तफावत दिसणारच. दावा खरा आहे, कागद आहेत. काही बदलायचं नाही." या बैठकीचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवतो.

तरी जानेवारीभर माझी धाकधूक होती. फेब्रुवारीत १४३(१) ची सूचना (रिटर्न तपासून झाल्यावर विभाग पाठवतो ती) आली, आकडे जसेच्या तसे मान्य, आणि पाठोपाठ रिफंड व्याजासकट खात्यात. मी त्यांना आनंदाने मेसेज केला. उत्तर आलं: "व्याजाचा आकडा कळवा, ते पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावं लागेल. पीडीएफ."