सायलेन्सर आखूड करायला दिला, आतलं कॅटलिस्ट काढून घेतलं

नागपुरात ज्यांच्याकडे बीएस-६ (धुराचे नवे, कडक नियम पाळणारी) मोटरसायकल आहे त्यांनी हे वाचाच. सायलेन्सर कापून आखूड करून देतो म्हणणारे काही जण त्या निमित्तानं आतलं कॅटलिस्ट, म्हणजे धूर निवळणारी महागड्या धातूंची जाळी, काढून विकतात आणि रिकामा डबा रंगवून परत देतात. वरून मजुरीही घेतात. माझे रोख २,४०० गेले, आणि आता नव्या सायलेन्सरचे १४,३०० भरायचे आहेत.

फटफट आवाज काढत फिरायची हौस म्हणून दिला नव्हता, हे आधीच सांगतो. मागचा चार इंच भाग गंजून गळला होता. गावातल्या गावात थोडं थोडं चालणाऱ्या गाडीचं हे होतंच. धुरातली वाफ शेवटच्या कप्प्यात पाणी होऊन साचते, सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी उडत नाही आणि पत्रा आतून सडतो. कंपनी अख्खा सायलेन्सरच विकते. चार इंचांच्या गंजासाठी १४,३०० का मोजायचे?

काम मुळात कसं होतं ते माहीत असलं तर चोरी पकडता येते. सायलेन्सर गाडीवरून उतरवायचा, ऑक्सिजन सेन्सर असेल तर तो आधी खोलायचा. मागच्या झाकणाचं वेल्डिंग चार इंची ग्राइंडरला १ मिमीचं कटिंग व्हील लावून उडवायचं. रिव्हेट असतील तर ड्रिलनं काढायचे. कापायची रेघ मास्किंग टेप गुंडाळून आखायची, नाहीतर काप तिरका जातो आणि झाकण बसत नाही. बाहेरचा पत्रा जेवढा कापला तेवढीच आतली छिद्रांची नळी कापायची. नळी लांब राहिली तर झाकण ताणात बसतं आणि गाडी तापली की वेल्डिंग तडकतं. आतल्या आडव्या पडद्यांना हात लावायचा नाही. ग्लासवूलवाला (आत काचेचा कापूस भरलेला) सायलेन्सर असेल तर नवीन वूल घट्ट भरायचं. मग झाकण तीन-चार ठिकाणी टॅक करून (वेल्डिंगचे ठिपके देऊन), सरळ बसलं का बघून आर्गन वेल्डिंग मारायचं. गाडीवर चढवताना इंजिनच्या तोंडाशी नवी गॅस्केट. बस, एवढंच. सगळं काम शेपटाकडचं आहे, पुढच्या तोंडाकडे ग्राइंडर जायचं काही कारणच नाही.

आणि कॅटलिस्ट असतं पुढेच. काही गाड्यांत बेंड पाइपमध्ये, काहींत सायलेन्सरच्या तोंडाशी. मधाच्या पोळ्यासारखी बारीक पन्नीची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप. विषारी वायू तिथंच निवळतात, आणि त्या लेपासाठीच ही जाळी विकली जाते.

आता तो क्षण. लांबी किती कमी करायची हे विचारायच्या आधी सायलेन्सर कापणाऱ्यानं विचारलं, “भाऊ, गाडी कोणत्या सालची आहे? वीसच्या आधीची का नंतरची?” अरे, चार इंच पत्रा कापायला गाडीचं साल कशाला लागतं? बीएस-६ सुरू झालं १ एप्रिल २०२० ला. तो माल तपासत होता, माझ्या तोंडून, माझ्याच समोर! हा प्रश्न आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. कुणी हा प्रश्न विचारला की किल्ली फिरवा आणि निघा.

बाकीचे २,२०० सांगत होते, हा १,२०० म्हणाला. कमी भावाच्या माणसाकडे जाणं हा काही गुन्हा नाही. ७०० ॲडव्हान्स दिले. समोर कापून द्या म्हटलं तर, “आर्गनवाला दुसरीकडं बसते भाऊ, उद्या घेऊन जा.” दुसऱ्या दिवशी उरलेले ५०० तर घेतलेच, वर रंगाचे ३५० आणि “आतली जाळी पूर्ण सडली होती, नवीन टाकली” म्हणून ८५०. जुनी जाळी दाखव म्हटलं तर म्हणे भुगा झाला, फेकून दिली. स्टेनलेस पन्नीची जाळी सडून भुगा होत नसते.

शेपटाकडचं काम त्यानं सुबक केलं होतं, म्हणून कोणालाही शंका आली नसती. हीट शील्डचे दोन स्क्रू काढल्यावर खरं दिसलं. तोंडापासून साधारण तीन बोटांवर पत्र्याला पूर्ण गोल वेल्डिंग, फोड आलेलं, वरून घाईनं मारलेला काळा हीटप्रूफ रंग, आणि एका ठिकाणी सुईच्या टोकाएवढं भोक, ज्यातून काजळी बाहेर आली होती. तोंडातून टॉर्च मारला तर जाळी नाही, नुसती काळी पोकळी.

डॅशबोर्डवरच्या दिव्याच्या भरवशावर राहू नका. ज्या गाडीला एकच ऑक्सिजन सेन्सर आहे आणि तो कॅटलिस्टच्या आधी आहे, तिला जाळी गेल्याचा पत्ताच लागत नाही. कळतं ते पीयूसीला, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळालेलं इंधन) वाढल्यावर. बीएस-६ गाडीची पीयूसी वर्षभर चालते, म्हणजे चोराला वर्षभराची मोकळीक. त्याआधीची खूण म्हणजे धुराला कच्च्या पेट्रोलचा उग्र वास आणि डब्यातून येणारा पोकळ, पत्र्याचा आवाज.

सगळ्यात पक्का उपाय वजनाचा. देण्याआधी सायलेन्सर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा आणि फोटो काढा. परत घेताना सायलेन्सर अधिक कापलेले तुकडे, दोन्ही मिळून वजन जवळपास तेवढंच भरलं पाहिजे. ग्राइंडरनं उडालेला भुगा आणि वेल्डिंगची सळई यांचा फरक किरकोळ असतो. तुकडे न देणाऱ्याला पैसे देऊ नका.

पोलीस ठाण्यातला अनुभव तर संताप आणणारा. “तुम्ही वस्तू दिली, त्यानं काम करून दिलं, मग चोरी काहून झाली?” पुढे म्हणे सायलेन्सर कापणंच बेकायदा, तुमच्यावरच कारवाई होईल. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो नागपूरकरांनी पाहिलेत, ते ठीकच आहे. पण गंजलेलं टोक काढून मूळ झाकण परत लावणारा आणि पडदे काढून फटाके फोडणारा एकच का? मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडणाऱ्यासाठी आहे. माझ्या गाडीचा धूर मर्यादेबाहेर गेला तो ज्यानं जाळी काढली त्याच्यामुळे, आणि दंडाची भीती मला! आरटीओत गेलो तर म्हणे पोलिसांकडे जा. ग्राहक तक्रारीला बिल मागतात. असल्या दुकानात पक्कं बिल कोण देतं? जाळीची किंमत पाच हजारांच्या आत धरून ठाण्यात शेवटी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहिली, म्हणजे तपास नाही.

इथंच लोक अडकतात. भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. पण विश्वासानं सोपवलेली वस्तू लाटणं हा कलम ३१६ चा विश्वासघात, आणि तो दखलपात्र आहे. अर्जात चोरी नको, हाच शब्द आणि हेच कलम लिहा. सोबत नव्या सायलेन्सरचं कंपनीचं कोटेशन, वजनाचे फोटो, यूपीआयची नोंद आणि पीयूसी नापास झाल्याची चिठ्ठी जोडा. मी रोख दिले, म्हणून ती नोंद माझ्याकडे नाही. तुम्ही रोख देऊ नका. ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४) खाली तोच अर्ज टपालानं वरिष्ठांकडे पाठवता येतो. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.