पॉइंटचे माइल्स करावेत की थेट तिकीट काढावं? बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत धंदा असलेल्या आमच्यासारख्यांचा बराचसा खर्च हल्ली क्रेडिट कार्डावर जातो. टूल्स, सुटे भाग, वाहतूक, विमा. वर्षभरात पॉइंट चांगले साठतात आणि मग प्रश्न येतो, यांचं करायचं काय?

बिलात वळते करून घेण्याचा पर्याय मी विचारातच घेत नाही. एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डाचंच बघा. बिलात वळवला तर एका पॉइंटचे ३० पैसे, बँकेच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमानाच्या तिकिटाला लावला तर तोच पॉइंट एक रुपयाचा. इतर कार्डांचे दर वेगळे असले तरी उतरंड साधारण हीच. म्हणून निवड दोनच गोष्टींत उरते: बँकेच्या पोर्टलवर पॉइंट लावून थेट तिकीट काढायचं, किंवा पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात माइल्स म्हणून, म्हणजे त्या कंपनीचे स्वतःचे पॉइंट करून, पाठवायचे आणि त्यांवर तिकीट घ्यायचं. मी दोन्ही वापरून बघितलंय, तेव्हा मला जे जाणवलं ते सांगतो. तुमचा प्रवास वेगळा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

माइल्सची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तीच जड आहे. हिशोब सोपा आहे. रोखीचं भाडं घ्या, त्यातून माइल्सच्या तिकिटावरही रोख भरावे लागणारे कर वजा करा आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागा. समजा रोखीचं तिकीट ६२,००० रुपयांचं आहे आणि तीच जागा २५,००० माइल्स अधिक ९,५०० रुपये करांत मिळतेय. ५२,५०० भागिले २५,००० म्हणजे एका माइलला २ रुपये १० पैसे. तुमच्या कार्डाच्या एका पॉइंटला एक माइल मिळत असेल तर पोर्टलवरच्या एक रुपयाच्या दुपटीहून जास्त. बिझनेस क्लासला हा आकडा आणखी वर जातो. मुलगा अमेरिकेत किंवा जर्मनीत आहे, आई-वडिलांना पाय पसरून झोपून जाता यावं असं वाटतं, अशा घरांसाठी माइल्ससारखी सोय नाही. ते तिकीट रोखीने काढायची आपली छाती होत नाही. माइल्सनी ते आवाक्यात येतं, हे मी मनापासून मानतो.

आता अडचणी. एकदा पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत. काही कंपन्यांकडे ते लगेच दिसतात, काहींकडे काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात हेरून ठेवलेली जागा जाऊ शकते. स्वस्त माइल्सच्या जागा मोजक्याच असतात. नवरा-बायको दोघांना मिळून जातात, पण दोन मुलं आणि आई धरून पाच जणांना एकाच विमानात, तेही मे महिन्यात, हे मला अवघड वाटतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्सच्या योजनेत स्वतःशिवाय पाच जणांचीच नावं तिकिटासाठी नोंदवता येतात आणि माइल्स ३६ महिन्यांत संपतात. नावाचंही बघावं लागतं. आपल्याकडे कुणाच्या कार्डावर कर्नाटकी पद्धतीने आद्याक्षरं पुढे असतात, पासपोर्टवर वडिलांच्या नावासह पूर्ण मराठी नाव असतं. कंपनीच्या खात्यातलं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं नाही तर पॉइंट पाठवणं अडू शकतं. खातं उघडतानाच पासपोर्टप्रमाणे नाव घाला आणि बँकेतही तसंच करून घ्या.

पण हे सगळं सांभाळता येतं. माझा कल ज्या गोष्टीने ठरवला ती वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल मुंबई-पुण्याचं कुणी बोलत नाही, कारण त्यांना ती लागत नाही. सांबऱ्याहून सुटणारं पहिलं विमान हीच ती गोष्ट.

सांबऱ्यावरून आपल्याला इंडिगो आणि स्टार एअर ठाऊक आहेत. बँका ज्या कंपन्यांत पॉइंट पाठवू देतात त्यांत एअर इंडियाचा महाराजा क्लब आहे, क्रिसफ्लायर आहे, आखाती आणि युरोपातल्या कंपन्या आहेत. यांतल्या एकाही कंपनीचं विमान सांबऱ्याला उतरत नाही. म्हणजे माइल्सचं तिकीट सुरू होतं बेंगळूरहून, मुंबईहून किंवा गोव्याहून, आणि बेळगाव ते तिथपर्यंतचा प्रवास आपला आपण, वेगळ्या तिकिटावर करायचा.

वेगळं तिकीट म्हणजे काय, हे आम्ही पावसाळ्यात अनुभवलं. बेंगळूरहून पुढचं विमान रात्रीचं होतं, माइल्सवर काढलेलं. सांबऱ्याचं विमान दुपारचं. सकाळपासून धो धो पाऊस, ढग खाली आलेले, आणि फलकावर वेळ पुढे पुढे सरकतेय. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर असती तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम होतं. वेगवेगळी असल्यामुळे पहिल्या कंपनीला दुसऱ्या विमानाशी देणंघेणं नाही, आणि दुसरीच्या लेखी आम्ही वेळेवर न आलेले प्रवासी ठरलो असतो. माइल्सवरच्या तिकिटाला ऐन वेळी दुसऱ्या दिवशीची जागा मिळेल याची काहीच शाश्वती नसते. त्या दिवशी विमान सुटलं आणि आम्ही वेळेत पोहोचलो, पण बेंगळूरला बॅगा पट्ट्यावरून उतरवायच्या, बाहेर यायचं, पुन्हा आत शिरून चेक-इन करायचं, हे सगळं आईला सोबत घेऊन. बायको तेव्हा एवढंच म्हणाली, ‘‘अहो, पुढच्या वेळी एकच तिकीट काढा हं.’’

यावर उपाय आहे, तो म्हणजे एक दिवस आधी निघणं. आम्ही पुढे तसं केलंही. पण मग बेंगळूर विमानतळाशेजारी, देवनहळ्ळीजवळच्या हॉटेलचं भाडं, टॅक्सी, जेवण आणि दुकान-कारखान्यातून जास्तीचा एक दिवस जातो. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत आहे, चांगली गाडी आहे. पहाटे निघून दुपारी पोहोचवते. पण बेंगळूर स्टेशनवरून विमानतळ गाठायला पुन्हा शहर ओलांडावं लागतं. गोवा जवळ म्हणावं तर वाटेतला चोर्ला घाट पावसात कसा असतो हे इथल्या कुणाला सांगायला नको. हा खर्च कर्त्या माणसाने त्या वरच्या गणितात घालून बघावा. चार माणसांची एक रात्र आणि टॅक्सी धरली की २ रुपये १० पैशांचा माइल तेवढ्याचा राहत नाही, आणि मनाला लागलेला घोर त्यात धरलेलाच नाही.

माझा आतेभाऊ पुण्यात असतो. त्याच्याकडे माझ्यासारखंच कार्ड आहे आणि तो प्रत्येक पॉइंट माइल्समध्ये टाकतो. त्याचं बरोबरच आहे. रात्री जेवून मुंबईला निघायचं, हमरस्ता सरळ, फार तर चार-पाच तासांचं काम. आपल्याला मुंबई म्हणजे स्लीपर बसमध्ये पूर्ण रात्र. माइलची जी किंमत लोक छापतात ती मोठ्या विमानतळाच्या दारात राहणाऱ्याची किंमत असते, असं माझं मत झालंय. सीमाभागातल्या माणसाने तिच्यातून काहीतरी वजा करायलाच हवं.

थेट तिकिटाची बाजू दिसायला साधी आहे. पोर्टलवर बेळगाव टाकायचं, जायचं ठिकाण टाकायचं आणि सांबऱ्याहून एकाच पीएनआरवर जे मिळेल ते घ्यायचं. जागा माइल्सच्या आहेत का, हा प्रश्नच नाही; पैशांनी विकली जाणारी कुठलीही जागा चालते. एकत्र कुटुंबाला ही फार मोठी गोष्ट आहे. लग्नासाठी दिल्लीला सहा जण निघाले तर सहा तिकिटं निघतात. त्रास यातही आहे. स्मार्टबायवर तिकिटाच्या रकमेच्या ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट लावता येतात, बाकीचे कार्डाने भरावे लागतात. पोर्टल कोणतंही असो, भाडं आधी विमान कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर पडताळून घ्या. कधी कधी पोर्टलवर काहीशे रुपये जास्त दिसतात. तारीख बदलायची वेळ आली तर कंपनी म्हणते पोर्टलला विचारा, आणि तिथे फोनवर बराच वेळ जातो. बेत पक्का नसेल तर पोर्टलचं तिकीट मी काढत नाही.

इंडिगोनेच वारंवार जाणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये आलेली ब्लूचिप योजनाही आहे. तिचा फायदा असा की ती सांबऱ्याला प्रत्यक्ष उतरणाऱ्या कंपनीची आहे. कामासाठी दर महिन्याला बेंगळूर किंवा हैदराबाद करणाऱ्याने तिच्याकडे जरूर बघावं.

पॉइंट फार काळ धरून ठेवू नका, हे मात्र दोन्ही बाजूंना लागू. अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डावर पाच पॉइंटचे चार माइल्स मिळायचे, १ सप्टेंबर २०२३ पासून पाचाचे दोन झाले. एका तारखेत किंमत निम्मी. घाईघाईने माइल्स करून ठेवणं हाही त्यावरचा उपाय नाही, कारण विमान कंपन्याही आपले दर वाढवतात आणि तिथून मागे फिरता येत नाही. जागा डोळ्यांसमोर दिसत असेल, तारीख ठरली असेल, तरच पाठवा.

निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ पडतं, पण तिथूनही गोष्ट हीच. मोठ्या परदेशी कंपन्यांसाठी पुढे जावंच लागतं. खानापूरकरांचं थोडं वेगळं आहे. त्यांना गोवा खरोखर जवळ, आणि गोव्याहून एअर इंडियाने दिल्ली गाठून पुढे जायचं असेल तर ते सगळं माइल्सच्या एकाच तिकिटात बसू शकतं. त्यांनी महाराजा क्लबचा हिशोब जरूर करून बघावा, उन्हाळ्यातल्या प्रवासासाठी तर नक्कीच.

माझे पॉइंट सध्या बँकेतच आहेत आणि घरच्या प्रवासासाठी मी ते सांबऱ्याहून निघणाऱ्या तिकिटांनाच लावतो. आईला पुढेमागे बहिणीकडे अमेरिकेला पाठवायचंय. ते तिकीट मुंबईहूनच निघणार, एक दिवस आधी तिला घेऊन जावंच लागणार, आणि इतक्या लांब तिने बसून जावं असं मला वाटत नाही. त्या एका तिकिटासाठी मी माइल्स करीन.